घरगल्लीचा जिना

काळाचौकी, मुंबई
ता. २५ एप्रिल १९५९

बाबुरावदादांस कोंडीरामचा सप्रेम जयभीम.

तार पोचली असेल. तुम्ही आला नाहीत. मनमाड काही विलायतेत नाही, पण मनात अढी असली की सहा तासांचा रस्ताही संपत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. तुमच्या धाकट्या भावाला घरचा म्हणून पुढून खांदा मी दिला. त्याच्याच चाळीतला, कापड गिरणीच्या रिंगखात्यात त्याच्याच शेजारच्या साच्यावरचा आणि त्याच्याच आगपथकातला, एवढ्यावर मी घरचा ठरलो.

झालं ते थोडक्यात कळवतो. आपल्या चाळीसमोर, रस्त्यापलीकडची लालबागची ती तीन मजल्यांची चाळ तुम्हाला आठवत असेल. खाली मसाल्याची गिरणी आणि मिरचीचं गुदाम, म्हणून तुम्ही तिला मिरचीची चाळ म्हणायचात. हंगाम सुरू आहे, गुदाम छतापर्यंत भरलेलं. दुपारी मसाला भाजायच्या भट्टीतून ठिणगी उडाली. पहिल्या पाळीची माणसं कामावर, वर बायका, पोरं, म्हातारेकोतारे. भिवा आणि मी रातपाळीचे, म्हणून घरी होतो. वसंतची शिटी ऐकली आणि धावलो. वसंत म्हणजे त्याच चाळीतला, व्यायामशाळेचा, तुम्ही त्याला पहिली गाठ मारायला शिकवली होती तो.

आग फार मोठी नव्हती हो. धूर मोठा होता. सुक्या मिरचीचा धूर काय असतो हे घरात फोडणी करपली की कळतं, तिथे तर पोतीच्या पोती जळत होती. पुढचा लाकडी जिना गुदामाच्या दारावरूनच वर जातो, तो धुरानं भरला. चाळीतली नऊ माणसं गेली. दहावा भिवा.

त्याला त्रास झाला नाही. धुरानं गुंगी येते म्हणतात. झोपेत गेल्यासारखा गेला. एवढं तुम्हाला कळलं म्हणजे पुरे.

स्मशानात आपण त्रिशरण-पंचशील म्हटलं. नवा धम्म घेऊन तीन वर्षंही झाली नाहीत, निम्म्या लोकांना पाठ नव्हतं, आणि ज्यांना पाठ होतं त्यांचे घसे मिरचीनं बसलेले. तरी म्हटलं. मिरचीच्या चाळीतली माणसंही आली होती. आपले नऊ पोचवून तशीच आली होती, बाजूला उभी राहिली.

भिवाच्या मागे कांतावहिनी बरी आहे. जेवते, कामाला जाते. रडताना मी पाहिलं नाही, आणि मला तेच जड जातं.

आता लोक म्हणतात, पथक मोडा. आपली वडीलधारी म्हणतात, एक पोरगा गेला तेवढं बस्स. छप्पन साली करफ्यू होता, गोळीबार चालला होता, बंबाला गल्लीत शिरू देत नव्हते, म्हणून आपली पोरं आणि व्यायामशाळेची पोरं एक झाली आणि हे पथक उभं राहिलं. पहिली शिटी तुम्ही वाजवलीत. पिंपापासून आगीपर्यंत माणसांची रांग आणि हातोहात बादली. आपल्या हातातून मराठ्याच्या हातात, त्याच्या हातातून भंडाऱ्याच्या हातात. त्या वेळी कुणी कुणाला जात विचारली नाही. आग विझल्यावर मात्र पाणी प्यायला ते त्यांच्या नळावर गेले आणि आपण आपल्या. तेव्हा तुम्ही भिवाला म्हणालात, "तुझ्या हातचं पाणी आगीला चालतं, घशाला चालत नाही." भिवा म्हणाला, "आगीला चालतंय ना दादा, तिथनंच सुरुवात करू." तुम्ही शिटी काढून खिळ्याला अडकवलीत, मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी धरलीत आणि सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंत.

तुमचं खरं की त्याचं, हा वाद अजून मिटलेला नाही. पण पथक बंद होणार नाही, एवढं मी तुम्हाला आजच कळवून ठेवतो.

तुमचा
कोंडीराम


काळाचौकी
ता. १४ मे १९५९

बाबुरावदादा,

तुमचं कार्ड मिळालं. "पेपरात वाचलं, मागचं दार बंद होतं. खरं काय ते लिही. नाहीतर लिहू नकोस." तीन वर्षांनी हाक मारलीत ती अशी.

ठीक आहे, खरं लिहितो. मागच्या पत्रात तुम्हाला सांभाळून घ्यायला गेलो. खरं कळलं तर तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगितलं नव्हतं? आणि भिवाचं सगळं म्हणणं पाण्यात जाईल, अशी भीती वाटली. पण अर्धवट सांगून त्याची बाजू कशी राखणार?

मिरचीच्या चाळीला दोन जिने आहेत. पुढचा लाकडी. मागचा लोखंडी, संडासांच्या बाजूनं घरगल्लीत, दोन चाळींमधल्या सांडपाण्याच्या बोळात, उतरणारा. झाडूवाला सकाळी त्या जिन्यानं येतो आणि त्याच जिन्यानं जातो. दुसरं कुणी त्याला पाय लावत नाही. प्रत्येक मजल्यावर मागे सागवानी दार, दाराच्या भोकातून ओवलेली जाड साखळी आणि तिला आतून-बाहेरून दोन्हीकडून हाती येणारं कुलूप. दुसऱ्या मजल्यावर कुलपाची किल्ली सुभद्राबाईंच्या खोलीबाहेर, पॅसेजच्या खुंटीवर असते. खोलीत नाही, कारण ती झाडूवाल्याच्या हातची. तो सकाळी खालून ओरडतो, कुणीतरी काठीच्या टोकानं किल्ली काढून दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवतं, तो कुलूप उघडतो, काम करतो, पुन्हा लावतो, किल्ली आत सरकवतो. मग काठीनंच ती परत खुंटीवर. मागाहून दोन तांबे पाणी शिंपडायचं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

म्हणजे किल्ली खुंटीवर होती. आत अडकलेल्या प्रत्येक माणसाच्या हाताच्या अंतरावर होती.

आम्ही पुढे बादल्यांची रांग लावली. पुढच्या जिन्यानं वर जाणं शक्य नव्हतं, डोळेच उघडेनात. दुसऱ्या मजल्यावरची बरीच माणसं पुढच्या सज्जात कोंबलेली, खाली वसंतच्या पोरांनी ताडपत्री धरली होती, दोनतीन पोरं त्यात टाकली. भिवानं एकदा वर बघितलं आणि मला म्हणाला, "मागनं जातो." पहार उचलली आणि घरगल्लीत शिरला.

मी मागोमाग गेलो तेव्हा तो वर दारावर पहार हाणत होता आणि बोंबलत होता, "किल्ली! खुंटीवरची किल्ली काढा! या बाजूनं या!" आतून खोकण्याचे आवाज येत होते. कुणीही या बाजूला आलं नाही. दार दिसत होतं, ठोकलेलं ऐकू येत होतं, आणि तरी आतली माणसं धुरातून पुढच्या जिन्याकडे धावत होती. कारण खाली उतरायचं म्हणजे पुढच्या जिन्यानं, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक. दुसरा जिना त्यांच्या लेखी जिनाच नव्हता दादा. मरताना सुद्धा तो त्यांना आठवला नाही.

सुभद्राबाई मालवणी. त्यांची खोली दाराला लागून. मी त्यांना नंतर विचारलं, ठोकणं ऐकू आलं नाही का? म्हणाल्या, "आयकलंय. पण म्हटलंय, त्या बाजून कोण येतलो?"

सागवान तुटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात पुढच्या जिन्यावर सातजण पडले होते. दार तुटल्यावर भिवा आत गेला आणि मी जिन्यावर उभा राहिलो, माझ्याखाली वसंत, त्याच्याखाली आणखी पोरं. भिवा आतून माणसं देत होता आणि आम्ही हातोहात खाली देत होतो. बादल्यांच्या रांगेसारखीच रांग, फक्त बादलीच्या जागी पोरं, बायका. सुभद्राबाईंना त्यानं शेवटी आणलं. त्याच्या तोंडाला बांधलेला ओला पंचा तिच्या तोंडावर होता. मी म्हटलं, तुझा पंचा? तो म्हणाला, "आत आणखी कुणीतरी खोकतंय," आणि वळला.

तो झोपेत गेला असं मी लिहिलं होतं. नाही. तो बराच वेळ खोकत होता आणि मी ऐकत होतो. मी आत शिरत होतो तेव्हा वसंतनं माझ्या कमरेला मिठी मारून धरलं. मी त्याच्या हाताला चावलो, त्यानं सोडलं नाही. मग खोकला थांबला आणि बंबवाले आले. त्यांना आत भिवा सापडला, आणि चाळीतली आणखी दोघं.

हे खरं. आता तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते. रागावायचा हक्क तुम्हाला आहे, माझ्याही अंगाची आग होते. पण शिव्या देऊन मोकळं व्हायची माझी तयारी नाही. ते दार भिवानं तोडलं आहे. ते पुन्हा बंद होऊ द्यायचं नाही आणि चाळीतल्या प्रत्येक माणसाला त्या जिन्यानं उतरायला लावायचं, एवढं मी ठरवलं आहे. धूर असताना नव्हे, चांगल्या उजेडात, पायऱ्या मोजत. पायांना सवय लागली तरच धुरात आठवेल.

तुमचा
कोंडीराम


काळाचौकी
ता. ८ ऑक्टोबर १९५९

बाबुरावदादा,

तुम्ही निरोप पाठवलात की कांताला मनमाडला आणून सोड. मी तिला सांगितला. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मी नाय जायाची. त्यांच्या जागेवर रांगेत कोण उभं राहनार? तुमी?" मी म्हटलं, बाईमाणूस पथकात? तर म्हणाली, "पानी काय बापय बघून जड होतं का?" तेव्हा तुमचा निरोप पोचला असं समजा. ती पथकात आली आहे. पदर खोचून बादली ओढते आणि चार पोरांना शिव्या घालते. तुमची शिटी भिवाकडे होती, ती आता तिच्या गळ्यात आहे.

इथे गेल्या महिन्यात गणपती उठले. मिरचीच्या चाळीच्या मंडळानं मंडपात भिवाचा मोठा फोटो लावला होता, त्याला हार, खाली "हुतात्मा". चाळ कमिटीचे अप्पा, गिरणीतले निवृत्त कारकून, त्यांनी भाषण केलं. भाषण चांगलं होतं, मी उगाच नावं ठेवत नाही. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, फोटो लावलात, उपकार झाले. आता मला तुमच्याकडून हार नको, एक तास हवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शिटी वाजेल. शिटी वाजली की पुढच्या जिन्याला आग लागली असं समजायचं आणि सगळ्यांनी मागच्या जिन्यानं घरगल्लीत उतरायचं. बस्स.

अप्पा हळूच म्हणाले, "कोंडीराम, अरे वेळप्रसंगी ठीक आहे. पण रोजच्या आयुष्यात त्या जिन्यानं उतरून वर येऊन देवाला हात कसा लावायचा, सांग बघू?" मी म्हटलं, "अप्पा, तुमची नात त्याच जिन्यानं खाली आली. मीच तिला घेतली. आता तिला देवाजवळ बसू देत नाही का?" अप्पा गप्प झाले. पण गप्प झालेला माणूस पटलेला असतोच असं नाही, हे गिरणीत युनियन करताना मला चांगलं कळलं आहे.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी शिटी वाजवली. वसंत आणि त्याच्या दोन दोस्तांशिवाय कुणी उतरलं नाही. वसंतची आईसुद्धा दारात उभी राहून आम्हाला बघत होती. एक बाई पुढच्या जिन्यानं उतरली, वळसा घालून घरगल्लीच्या तोंडाशी आली आणि म्हणाली, "आले की नाही खाली?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. आगीच्या दुपारी कांता पिंपातलं पाणी बादलीत घेऊन घरगल्लीच्या तोंडाशी उभी होती. भिवा आत आहे हे तिला माहीत नव्हतं. वरून येणारा प्रत्येकजण घसा धरून पाणी पाणी करत होता आणि तिच्या बादलीत लोटा बुडवून पीत होता. चाळीतली झाडून सगळी माणसं तिच्या हातचं पाणी प्यायली. मला वाटलं, दादा हरले. भिवा जिंकला. आठवडाभरानं तीच कांता त्यांच्या नळावरून जाताना एका बाईनं आपली कळशी पलीकडे सरकवली. मी बघितलं. कांतानंही बघितलं. ती म्हणाली, "तवा घसा जळत होता त्यांचा."

तुमच्याच घराण्यात आलेली बाई, बोलणंही तुमच्यासारखंच. पण ती मनमाडला गेली नाही, हे ध्यानात घ्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा शिटी वाजेल. त्याच्या पुढच्याही.

तुमचा
कोंडीराम


काळाचौकी
ता. १० जानेवारी १९६०

बाबुरावदादा,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहितो. मी चिकट माणूस आहे, भिवा म्हणायचा कोंड्याला चिंगम म्हणायला हवं.

दिवाळीनंतर चाळीच्या मालकानं नवी दारं बसवली. जाड, चांगली दारं. आणि प्रत्येक दाराला तशाच साखळीत नवं कोरं कुलूप. म्हणजे नऊ आणि एक माणूस जाऊन आपण होतो तिथेच. मी मालकाच्या भाडं वसूल करणाऱ्या मेहत्याकडे गेलो. तो म्हणाला, घरगल्लीतून चोर शिरतात, भाडेकरूंचीच तक्रार आहे. ते खोटं नव्हतं. लोक खरंच घाबरतात, आणि कुलूप लावायला चोर हे कारण बरं असतं, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

मग एक गंमत सुरू झाली. दुसऱ्या मजल्याचं कुलूप गायब. मेहत्यानं दुसरं लावलं, तेही गायब. त्यानं तिसरं लावलं आणि थेट आपल्या चाळीत येऊन माझ्यावर बोट रोखलं, पोलिसात देईन म्हणाला. मी खरंच केलं नव्हतं. करायचं मनात होतं, पण कुणीतरी माझ्या आधी करत होतं.

आमची जुंपली असताना सुभद्राबाई रस्ता ओलांडून आमच्या चाळीच्या दारात आल्या. त्यांना आता नीट श्वास घेता येत नाही, चार पावलं चालल्या की थांबतात. थांबत थांबत आल्या आणि मेहत्याला म्हणाल्या, "त्येका कित्याक बोलतंस? कुलपां मियां काढलंय. गटारात टाकलंय. व्हयी तर जा, शोध." मेहता म्हणाला, "बाई, चोर आले तर?" त्यावर त्या म्हणाल्या, "येवंदेत. माझ्या घरात नेवक काय आसा? माजो वास घ्येवक येतलो काय?"

बघे हसायला लागले आणि मेहता निघून गेला. त्यांनी भिवाचं नाव काढलं नाही. आमच्या दारात उभ्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत आणि कांतानं बसा म्हटल्यावर बसल्याही नाहीत. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली की नाही मला माहीत नाही. मी त्यांना देवी करून ठेवत नाही. पण कुलूप काढायचं म्हणजे ती किल्ली हातात घ्यावी लागते, काठीनं कुलूप उघडत नाही, एवढं मला कळतं.

आता कामाचं. कुलूप नको, आणि चोराची भीती पण खरी. तेव्हा दाराला आतून असा अडसर हवा की बाहेरून उघडता येऊ नये, आणि आतून आंधळ्यानं अंग टाकलं तरी दार बाहेर उघडावं. किल्ली नाही, कडी नाही, शोधायचं काही नाही. धुरात माणसाला फक्त ढकलता येतं. वर्कशॉपात तुमच्या हाताखालून रेल्वेपुलांचं लोखंड जातं. मुंबईत असं कुणी करून देईलही, पण मला ते तुमच्या हातचं हवं आहे. तीन मजले, तीन अडसर.

भिवासाठी करू नका. तो आता कुठल्याच जिन्यानं येत नाही. नंतर ज्यांना उतरायचं आहे त्यांच्यासाठी करा. तुम्हाला ती माणसं आवडत नाहीत हे माहीत आहे. मलाही त्यातली निम्मी आवडत नाहीत.

रविवारची शिटी चालू आहे. या खेपेला सातजण उतरले.

तुमचा
कोंडीराम


काळाचौकी
ता. २ मे १९६०

बाबुरावदादा,

तुमचं पार्सल मार्चमध्येच आलं. गोणपाटात बांधलेलं, हमालाच्या डोक्यावरून उतरवताना दोघे लागले. कांतानं आणि मी आतलं गोणपाट झटकून झटकून चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. तीन अडसर होते, बिजागऱ्यांसकट. कांता बराच वेळ त्यांवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "कडा बघितल्या का? कानस मारून मारून गोल केल्यात. पोराचा हात पडला तरी कापनार नाय." एवढं बोलली आणि पहिल्यांदा रडली. सव्वा वर्षानं... नाही, चुकलो, वर्ष व्हायला आलं होतं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मेहता आधी नाही म्हणाला, मग वसंत आणि मी अडसर बसवून टाकले आणि त्याला दाखवले. बाहेरून त्यानं स्वतः दार ओढून बघितलं, उघडेना. आतून बोटांनी ढकललं, उघडलं. "कुठून आणलंत?" म्हणाला. मी म्हटलं, मनमाडहून, आमच्या थोरल्या भावानं केलं.

आता कालचं सांगतो. काल राज्य मिळालं. लालबाग तुम्ही बघायला हवं होतं. रात्रभर कुणी झोपलं नाही, तोरणं, पताका, गुलाल, दुकानादुकानांतून पेढे. छप्पन सालापासून ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. भिवाला हा दिवस बघायचा होता. करफ्यूत तो म्हणायचा, राज्य मिळालं की पहिली शिटी मी वाजवणार.

पण काल महिन्याचा पहिला रविवारही होता. आदल्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "उद्याचा दिवस सोड रे. पुढचा जिना सजवलाय, झेंडावंदन आहे." मी म्हटलं, "अप्पा, झेंडावंदनाच्या आधी शिटी होईल. सजवलेला जिना जळत नाही असं कुणी सांगितलं?" वसंतसुद्धा म्हणाला, कोंड्या, एक महिना सोडला तर काय बिघडतं. बिघडतं. एक महिना सोडला की पुढचा आपोआप सुटतो.

सकाळी कांतानं शिटी वाजवली. आम्ही पथकाची माणसं घरगल्लीत उभी. कांताजवळ पिंप आणि बादली होती, उन्हाचे दिवस, उतरणाऱ्याला पाणी द्यावं म्हणून आम्ही नेहमी ठेवतो. आमच्यातलेच तेवढे पितात. वर सगळी चाळ नवे कपडे घालून सज्जात. बराच वेळ कुणी आलं नाही. मी मनात म्हटलं, आज पाचसुद्धा नाहीत.

मग दुसऱ्या मजल्यावर तुमचा अडसर खाडकन वाजला आणि दार उघडलं. सुभद्राबाई. नवं लुगडं नेसलेल्या. आजवर कधी उतरल्या नव्हत्या, कुलपं टाकली पण जिन्याला पाय लावला नव्हता. वरच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी खाली बघितलं. मग बसल्या, आणि बसत बसत, एकेका पायरीवर थांबून श्वास घेत उतरायला लागल्या. वसंत धरायला वर धावला तर त्याला हातानं बाजूला केलं. त्यांच्यामागे वसंतची आई उतरली. मग अप्पांची नात, मग तिची आई, मग पोरांची झुंबड. पोरांना तर तो लोखंडी जिना वाजवत उतरायला मजाच वाटली. पुरुषही आले, काही मान खाली घालून, काही उगाच मोठ्यानं बोलत. सगळे आले नाहीत. अप्पा सज्जातच उभे होते. कितीतरी घरं दारं लावून आत बसली. तुम्हाला खोटं लिहीत नाही.

सुभद्राबाई खाली पोचल्या त्या धापा टाकतच. कांतानं लोटा भरला आणि सवयीनं वरून ओतायला हात उंच केला. आपल्या हाताला ती सवय आहेच, समोरच्याला विटाळ नको म्हणून लांबून ओतायची. सुभद्राबाईंनी तिचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर धरलं. म्हणाल्या, "वयरसून नको ओतू गो. हातात दी."

कांतानं लोटा त्यांच्या हातात दिला. त्या प्यायल्या. सावकाश, थांबत थांबत, पुरा लोटा. मग तो वसंतच्या आईच्या हातात दिला. तिनं क्षणभर बघितलं, आजूबाजूला पण बघितलं, आणि बादलीत बुडवून प्यायली.

दादा, आगीच्या दुपारी हे सगळे प्यायले होते. पण त्या दिवशी घसे जळत होते. काल कुणाचाच घसा जळत नव्हता.

तुमच्या "घशाला चालत नाही" याला भिवानं पुरतं उत्तर दिलं नव्हतं, नुसतं काम सुरू केलं होतं. काल एका म्हातारीनं उत्तर दिलं. दुसरीनं दिलं. बाकीच्यांचं मी बघतो, अप्पांचं तर बघतोच. पाच जूनला पुन्हा शिटी आहे.

रांगेत भिवाच्या जागेवर कांता उभी असते. तिच्या अलीकडे, पिंपाजवळची पहिली जागा तुमची होती. चार वर्षं मी तिथं कुणाला उभं केलेलं नाही, बादली भरायला दोन पावलं जास्त चालावं लागतं म्हणून पोरं कुरकुरतात. त्यांना मी सांगतो, दादा येईपर्यंत चाला.

तुमचा
कोंडीराम